पाठीवरचे ‘जपून ठेवणे’

मी एक जुनी सीडी आहे, मित्रांनो. गाण्यांची नाही, सिनेमाची तर नाहीच. मी लॅपटॉपबरोबर त्याच्याच खोक्यातून आले. लॅपटॉप उघडल्यावर कळ कुठली, पडदा कुठला, आवाज कुठून काढायचा, हे त्याला जी शिकवते तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. कधी त्याचे डोके फिरलेच तर ती पुन्हा आत बसवायची, एवढ्यासाठी माझा जन्म. ती सबंध माझ्या अंगात भरलेली होती. होती म्हणते, कारण आता ती धड राहिलेली नाही, आणि हे सांगताना मला मान वर करवत नाही.

कारखान्यात वितळलेले प्लॅस्टिक साच्यात दाबून मला घडवले. वर चांदीसारखा पातळ मुलामा, त्यावर नखाएवढ्याही जाडीचा नसलेला लेप आणि लेपावर कंपनीचे नाव. तिथे कोणी कोणाला नावे ठेवत नसे, कारण सगळ्यांचे नाव एकच होते.

मी ज्या घरी आले तिथे काका आणि काकू राहत. काका बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायचे. त्याच स्थानकावर काकू पार्सलच्या खिडकीत पावत्या लिहायच्या. दोघे निवृत्त झाले आणि पाठोपाठ काकांच्या घशाचे ऑपरेशन झाले. जीव वाचला, पण आवाज गेला. ज्या माणसाने सगळ्या गावाला गाड्या दाखवल्या, त्याला घोटभर पाणी मागता येईना. मग त्यांच्या पुतणीने लॅपटॉप आणून दिला. काका एका बोटाने टाइप करत आणि लॅपटॉप ते मोठ्याने बोलून दाखवी. आवाज सपाट होता, पण स्वयंपाकघरापर्यंत पोचायचा.

“तुझी भाजी करपते आहे,” तो बाहेरच्या खोलीतून सांगायचा.

“बघा! यंत्राला नाक फुटलं,” काकू आतून म्हणायच्या आणि गॅस बारीक करायच्या.

पुतणीने मला काकूंच्या हाती दिले. “काकू, ही नीट ठेव हं. लॅपटॉप बिघडला तर हिच्याशिवाय गत्यंतर नाही.”

काकूंनी ते फार मनावर घेतले. आता त्यांच्या हाताविषयी सांगायला हवे. पार्सलच्या पावतीच्या तीन प्रती निघत, मध्ये कार्बन. तळाच्या प्रतीवर अक्षर उमटले नाही तर साहेब खेकसत. त्यामुळे काकू काहीही लिहीत ते तिसऱ्या प्रतीपर्यंत पोचेल असेच लिहीत. त्यांनी मला टेबलावर पालथे घातले, बॉलपेन घेतले आणि माझ्या पाठीवर दाबून लिहिले, ‘जपून ठेवणे’. चांगलेच टोचले. पण मला त्याचा केवढा अभिमान वाटला! असे पाठीवर लिहून घेण्याचे भाग्य कितीजणींच्या वाट्याला येते?

त्यानंतर मी कपाटात, चांगल्या चादरींच्या घडीत राहिले. वर्षानुवर्षे बसून मान मिरवला. साफसफाईला सगळ्या वस्तू उन्हात जात, मला मात्र कोणी हात लावायचा नाही, असा काकूंचा दंडक होता. मीही फुशारून असायची. वाटायचे, घरावर वेळ येऊ द्या, मग बघा.

वेळ आली. एका सकाळी लॅपटॉपचा पडदा काळा झाला आणि त्यावर दोनच पांढऱ्या ओळी राहिल्या. काकांनी सगळ्या कळा दाबून पाहिल्या. शेवटी त्यांनी काकूंना बोलवायला टाळी वाजवली.

“अहो, टाळ्या काय वाजवता? मी काय हॉटेलातली वाढपी आहे?” काकू हसत बाहेर आल्या. काकांचा चेहरा पाहिला आणि त्यांचे हसू तिथेच थांबले.

पुतणी धावत आली. काकूंनी मला दोन्ही हातांनी आणून दिले. मी लॅपटॉपच्या पोटात गेले आणि जन्मात पहिल्यांदा फिरले. सुरुवात झकास झाली. पडद्यावरची पट्टी भरत चालली. आणि मग, मित्रांनो, मी अडखळले. एकाच जागी घरघरत राहिले. पडद्यावर अक्षरे आली: ही फाइल वाचता येत नाही. पुतणीने मला पुसून पुन्हा घातले. मी पुन्हा तिथेच अडले. तिसऱ्यांदा घातले तेव्हा काका माझ्याकडे नव्हे, भिंतीकडे बघत बसले होते. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे मला झाले.

दुरुस्तीच्या दुकानातली ताई म्हणाली, “दुसरी सीडी घालून बघू.” तिने घातली. पडदा उजळला, पण त्या परक्या सीडीला या लॅपटॉपचा आवाजाचा भाग ओळखता येईना. लॅपटॉपही मुका झाला. मग तिने माझी खालची चकचकीत बाजू घासूनपुसून काढली आणि ओरखडा राहिला का ते बघायला मला दिव्यासमोर धरले.

माझ्या अंगातून उजेड आरपार आला, अक्षरांच्या आकारात. जपून ठेवणे.

“अय्या, काकू, हे बॉलपेनने लिहिलं का?” ताईच्या तोंडून निघून गेले. “सगळा मजकूर वरच्या बाजूलाच असतो हो, शाईच्या लगेच खाली. आपण उगाच खालचीच बाजू जपतो.”

काकूंनी मला हातात घेतले, अक्षरांवरून बोट फिरवले. “मीच ना?” एवढेच म्हणाल्या. मला ओरडून सांगावेसे वाटले, की तुमचा नाही, माझाच कमकुवतपणा. पण सीडी कसली ओरडते!

ताईने कंपनीला कळवले. मॉडेल जुने, सीडी शिल्लक असेल तर पाठवू, असे उत्तर आले. तोवर घर गप्प झाले. काका पाटीवर लिहीत, पण पाठमोऱ्या माणसाला पाटी कशी वाचता येणार? काकू कामापुरते बोलत आणि त्यांच्याकडे बघायचे टाळत. पुतणीला त्यांनी बजावले होते, “त्यांना कळू देऊ नकोस गं. मीच सांगेन.” पण शब्द ओठांपर्यंत येऊन परत जायचे. मी टेबलावर पडून हे सगळे बघत होते, आणि एका घरात दोन माणसे माझ्यापायी मुकी झाली आहेत, हे मला टोचत होते.

अखेर पाकीट आले. आत माझ्यासारखीच, कोरी करकरीत. ती लॅपटॉपमध्ये गेली. पट्टी भरत आली आणि मी जिथे अडले होते ती जागा तिने सहज ओलांडली. मत्सर वाटायलाही मला तोंड नव्हते. पुतणीने बोलण्याची सोय पुन्हा बसवून दिली. लॅपटॉपने घसा साफ केल्यासारखी टिंग वाजवली.

काकांनी कळांवर बोट ठेवले, तोच काकू घाईने म्हणाल्या, “थांबा. आधी मला बोलू द्या. ती सीडी माझ्या अक्षरानं गेली. मीच दाबून लिहिलं होतं.” आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

काका सावकाश टाइप करू लागले. एकेक कळ. खोलीत तेवढाच आवाज. मग लॅपटॉप त्याच्या सपाट आवाजात बोलला, “ती अडली त्याच दिवशी मला कळलं होतं. मी ती खिडकीत उजेडासमोर धरून पाहिली होती.”

काकूंनी डोळ्यांवरचा पदर खाली घेतला. काकांचे बोट पुन्हा हलले.

“बरं झालं, तेव्हा मला आवाज नव्हता. रागात काहीतरी बोलून गेलो असतो.”

मित्रांनो, मला कोणी रागावले नाही, म्हणून तर लाज जास्तच वाटते. तुमच्या घरी कपाटात अडीअडचणीसाठी ठेवलेली एखादी वस्तू असेल, कोपऱ्यात एखादे माणूसही असेल. त्यांना नुसते जपून ठेवू नका. अधूनमधून बाहेर काढा, चालवून बघा, बरे आहे ना, विचारा. मला कोणी एकदा जरी विचारले असते, तर वेळेआधीच सगळे कळले असते. आणि कोणी ऐन वेळी अडलेच, तर जरा काकांसारखे, भिंतीकडे तोंड करून, रागाचा पहिला शब्द गिळून बघा. अडणाऱ्याची मान तशीही खालीच असते.