ट्रकच्या इंजिनासाठी कौल

चामटोलीच्या देवळापुढे त्या सकाळी सगळं गाव लोटलं होतं आणि सगळ्यांचे कान हिरामणच्या ट्रककडे लागले होते. लढाईनंतर लष्कराच्या लिलावातून आलेला हा ट्रक काही दिवसांपासून पोटातून ठकठकत होता. बुधाजी भगताने बोनेट उघडायला लावलं, पितळी तांब्यातलं दाट, काळपट तीर्थ तेलाच्या तोंडात ओतलं आणि घुमत म्हणाला, "आई आतमधी बसली हाय. तिला खोलू नको, तिला उचलू नको. आई आता निजली रं."

हिरामणने इंजिन चालू केलं आणि ठकठक खरंच थांबली. बायका चाकांवर डोकं टेकू लागल्या, म्हाताऱ्यांनी कान धरले. देवीने आजवर गावातल्या कुणाचा साधा खोकला बरा केलेला नव्हता. इंजिनावर मात्र ती लगेच प्रसन्न झाली, याचं नवल मला एकट्यालाच वाटलं असावं.

मी बदलापूरच्या शाळेत विज्ञान शिकवत असे. हिरामणचा धाकटा भाऊ आनंदा माझा जुना विद्यार्थी, त्यानेच मला बोलावलं होतं. दोघा भावांनी ट्रक उल्हासनगरच्या टेकचंद मिस्त्रीला दाखवला होता. त्याने लोखंडी सळई इंजिनाला टेकवून कान लावला आणि सांगितलं, "बेअरिंग गया, हिरामणभाऊ. इंजिन उतारना पडेगा. वरवरचा काम मी नाय करणार. घाट में धोका देगा."

आनंदा तयार होता. पण दसऱ्याला बुधाजीने त्या इंजिनावर देवी बसवली होती, आणि बसलेली देवी कौल घेतल्याशिवाय हलवायची नाही हा गावचा रिवाज. त्याच सकाळी, तीर्थ ओतण्याआधी, बुधाजीने देवळात ओल्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर फुलं चिकटवली होती. उजवं पडलं तर इंजिन उतरवायचं, डावं पडलं तर नाही. डावं पडलं.

बुधाजीला त्यात रस होता. ट्रक मिस्त्रीकडे जाऊन पडला, तर दर अमावास्येला बोनेटवर फुटणारा नारळ आणि फुकटचा फेरफटका बंद. शिवाय लढाईच्या दिवसांत तो लष्करी तळावर गाड्या पुसायला होता आणि इंजिनाचा आवाज दाबायच्या युक्त्या तिथेच शिकला असणार, हेही गाव विसरलं होतं.

मी तेल मोजायची पट्टी बाहेर काढली. तिच्यावरचं तेल बोटांत चोळलं. गुळगुळीत लागायचं ते रवाळ लागलं.

"हा लाकडाचा भुसा आहे," मी म्हणालो. "जाड तेलात कालवलेला. झिजलेल्या फटीत तो भरला की आवाज दबतो. थोड्या वेळाने हाच भुसा तेलाची जाळी बंद करील, आणि मग बेअरिंगला तेलच मिळणार नाही."

बुधाजी हसला. "मास्तर, भुसा नाय तो. चंदन उगाळलंय आईसाठी."

"मग वास कुठाय चंदनाचा?"

"वास भाविकालाच येतो."

लोक हसले, माझ्यावर. मी तसाच देवळात गेलो. मूर्तीच्या उजव्या खांद्यावरचं फूल अजून घट्ट होतं. ओढून काढलं तर खाली रुईचा चीक. डावं नुसत्या पाण्याने चिकटवलेलं. ते फूल बाहेर आणून मी सगळ्यांना दाखवलं, तर मी देवीला शिवलो म्हणून गलका झाला. आनंदाने मात्र ते हातात घेऊन पाहिलं.

"दादा, उतरवू या इंजिन," तो म्हणाला. "मास्तर बरोबर बोलतान."

"कौल झालाय," हिरामण म्हणाला. "गाडीत बांबू भरलेत, घाटावर पोचवायचेत. तू येतोस का मी एकलाच जाऊ?"

भावाला एकटं कसं सोडायचं, म्हणून आनंदा गेला.

खंडाळ्याच्या घाटात इंजिन फुटलं. ट्रक मागे घसरू लागला, ब्रेक धरेना. आनंदा चाकामागे दगड लावायला खाली उतरला, आणि भरलेला ट्रक दगडासकट त्याच्यावरून गेला. खाली कठड्याला अडला, म्हणून हिरामण वाचला.

मग इंजिन उतरवलं. या वेळी कौल कुणी मागितला नाही. टेकचंदच्या आवारात मी गावातल्या चार माणसांना उभं केलं आणि त्याने खालचं तेलाचं भांडं सोडवलं. जाळी भुशाने लिंपून गेली होती. टेकचंदने ती सगळ्यांपुढे धरली. माणसांनी माना डोलावल्या. संध्याकाळपर्यंत चामटोलीत ठरलं होतं, की आनंदाने कौलावर शंका घेतली म्हणून देवीने त्याला नेलं. बुधाजीने शांतीची पूजा सांगितली होती.

मी हिरामणकडे गेलो. तो ओट्यावर बसून होता, त्याची बायको कौसाबाई दारात.

"तू तरी डोळ्यांनी पाहिलंस ना?" मी विचारलं.

"पाहिलं."

"मग पूजा कशाला?"

"मास्तर, तुमचा भुसा खरा धरला, तर आनंदाला म्या मारला. भगताचं धरलं, तर देवीनं नेला." त्याने तोंडावरून हात फिरवला. "मना जगायचं हाय."

पूजा झाली, बुधाजीला नारळ मिळाला.

वाचणाऱ्यांनो, एवढंच सांगतो. गाडी ठकठकली तर ती उघडून पाहा, आणि वेळेवर पाहा. माणूस गेल्यावर खरं ऐकायची ताकद घरात कुणाकडे उरत नाही.