सभासद क्रमांक तेवीस

"काका, माझी आजची पाळी तेवीस नंबरला द्या," ग्रंथपालबाई दारातूनच म्हणाल्या. "तसाही गुरुवार त्यांचाच असतो."

टाइमकीपरकाकांनी खिळ्यावरून काढलेली किल्ली हातातच राहिली. आज मोटार मंडळाचा शेवटचा दिवस. गल्लीत आता ज्याच्या-त्याच्या दारात स्वतःची गाडी होती आणि मंडळाची उरलेली एकुलती एक उद्या गिऱ्हाईक घेऊन जाणार होतं. शेवटची पाळी कोणाला, यावरून बैठकीत एरवी डोकी फुटली असती; पण अकरा वर्षांत एकदाही तक्रार न केलेला सभासद एकच निघाला, तो म्हणजे नऊ नंबर, ग्रंथपालबाई. आणि त्या ती पाळी जन्मालाच न आलेल्या माणसाला देऊन टाकत होत्या.

बस डेपोत टाइमकीपर म्हणून जन्म काढलेल्या काकांनी निवृत्त झाल्यावर बावीस घरं गोळा करून हे मंडळ काढलं. घरटी गाडी कशाला, बावीस घरांत मिळून तीन पुरेत. किल्ल्या काकांच्या पुढच्या खोलीत खिळ्यांवर, शेजारी नोंदवही. ज्याचं नाव आधी, त्याची गाडी. परत लावताना सीट पार मागे सरकवायची, आणि नेल्या-आणल्याची वेळ आपल्या हातानं लिहायची. कोणी न लिहिता निघालं, तर काका वही घेऊन फाटकापर्यंत मागे धावत. काकू म्हणत, "हे यमालासुद्धा आधी सही करायला लावतील."

पण गाडीलाही विसावा लागतो. आठवड्यात एक दिवस तरी धुणं, हवा, तेलपाणी. काकांनी बैठकीत हे काढलं तर सगळे अंगावर आले. "उभी करून ठेवायला घेतलीय का गाडी?" मग काकांनी गुपचूप एक सभासद जन्माला घातला. दर गुरुवारी एका गाडीपुढे लिहायचं, तेवीस. कोणी विचारलंच तर, "मागच्या गल्लीतले आहेत, फार बोलत नाहीत." खरं ठाऊक फक्त काकूंना. बादली भरून देताना त्या हळूच विचारायच्या, "आले का हो तुमचे तेवीस आंघोळीला?"

खोटं कधी एकटं राहत नाही, त्याला सोबत लागते. जो आवाज चढवायचा, त्याच्यासाठी तेवीस नंबर बिचारा ऐनवेळी पाळी रद्द करायचा. दातांचे डॉक्टर भांडले, त्यांना गाडी मिळाली. कोपऱ्यावरच्या दुकानदारानं टेबल आपटलं, त्यालाही मिळाली.

चार वर्षांपूर्वीच्या एका गुरुवारी, सकाळी दहाला, ग्रंथपालबाई आल्या होत्या. "गाडी मिळेल का? आईकडे जायचं होतं." दोन गाड्या बाहेर गेलेल्या. काकांच्या तोंडून सवयीनं निघालं, "आज तेवीसची आहे." बाईंनी वहीत पाहिलं. एकाच्या नावावर लिहिलेलं पुस्तक दुसऱ्याला न देण्यात ज्यांची हयात गेली, त्या वहीशी काय भांडणार? "बरं," म्हणाल्या आणि खिडकीखालच्या गाडीला वळसा घालून बसथांब्याकडे निघाल्या. काका बघत राहिले. त्यांना वाटत होतं, बाई वळतील, एक शब्द जास्त बोलतील. एक शब्द पुरला असता.

"अहो, द्या ना तिला," काकू आतून म्हणाल्या.

"आत्ताच नाही म्हटलं, आता हाक कुठल्या तोंडानं मारू?"

दोन बस बदलून बाई चारला पोचल्या. आई अडीचला गेली होती. गाडीनं तो रस्ता दीड तासाचा होता.

त्यानंतरही काका दर गुरुवारी तेवीस लिहीत राहिले. बंद केलं असतं, तर बाईंनी विचारलं असतं. काकूंनी मात्र त्या दिवसापासून ती थट्टा पुन्हा केली नाही.

"तेवीस कुठले येतायत आता," हातातली किल्ली पुढे करत काका आज कसनुसं हसले. "न्या तुम्हीच."

"नाही हो. खरं सांगू? आई गेली त्या दिवशी मी त्या माणसाला मनातल्या मनात लाख शिव्या घातल्या. मग वाटलं, त्याचंही कोणीतरी आजारी असेल. नाहीतर दर गुरुवारी असं न चुकता कोण जातं? तेव्हा कुठे राग उतरला. त्यांना सांगा, नऊ नंबरनं दिलीय म्हणून."

काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या तिथून हलल्या नाहीत.

"बाई, तेवीस नंबर कोणी नाहीच."

"म्हणजे?"

"मीच लिहायचो. गाडी धुवायला एक दिवस मोकळा मिळावा म्हणून."

बाई खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या. "म्हणजे त्या दिवशी गाडी..."

"इथंच होती. खिडकीखाली. दिवसभर."

"धुतलीत?"

"नाही. हात लावायला धीर झाला नाही. माझं चुकलं हो बाई. फार चुकलं."

"मी भांडले असते तर?"

"दिली असती."

बाईंनी मान हलवली, जणू एवढंच विचारायचं होतं. मग म्हणाल्या, "तेव्हाची वही आहे?"

काकांनी कपाटातून वही काढून दिली. बाईंनी पानं चाळली नाहीत, थेट तारखेवर बोट ठेवलं. तेवीसवर आडवी रेघ मारली आणि शेजारी नीट अक्षरात लिहिलं, नऊ. नेल्याची वेळ, दहा. आणल्याच्या वेळेच्या रकान्यावर पेन टेकवलं, थोडा वेळ तसंच धरलं, आणि काही न लिहिता वही मिटली.

"किल्ली द्या."

काकांनी दिली. खिडकीतून दिसलं, बाईंनी सीट पुढे ओढली, आरसा वळवून घेतला आणि गाडी काढली. तेव्हा काकांच्या ध्यानात आलं, आजच्या वहीत बाईंनी वेळ लिहिलेली नाही. सवयीनं ते वही घेऊन उंबऱ्यापर्यंत गेले आणि तिथंच थांबले. घड्याळात दहा वाजत होते. खिडकीखालची जागा रिकामी झाली होती, चार वर्षांपूर्वी त्या गुरुवारी व्हायला हवी होती तशी.