कळशीवरचं नाव

"ती कळशी कशाला घेतलीस, आई? जागा बघायला चाललोय का रुखवत मांडायला?"

"तू जागा बघ. मी पानी बघते."

सोजराबाईंनी मांडीवरची कळशी हलवली नाही. कुलदीपनं गाडीचं दार जरा जोरातच आपटलं. चाकण मागं पडलं, कंपन्यांची पत्र्याची छपरं मागं पडली, भामा नदीच्या वरच्या अंगाला रस्ता डोंगरात शिरला. कळशी वळणावळणाला कुलदीपच्या गियरवरच्या हाताला लागायची. थंडगार.

लॉकडाऊनपासून त्याच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. जगाची दारं बंद झाली तरी आपली चूल बंद पडू नये. बापाच्या काळात शेतं कंपनीला गेली, उरलेल्या तुकड्यावर कामगारांसाठी खोल्या बांधल्या, आणि ज्या घरातली कणगी कधी रिती नव्हती ते घर पिठाच्या रांगेत उभं राहिलं. पुन्हा तसं नको. आपलं पाणी, आपला दाणा, दावणीला एक गाय. लांब. कुणी येणार नाही इतकं लांब.

उंबरदऱ्यात शेताची मालकीण गोजाबाई बांधावरच उभी होती. वैशाखाचं ऊन तिच्या पदरावरून उतरत नव्हतं.

"माजा ल्योक विक्की तुमच्याकडं चाकणला कंपनीत, आन तुमी चाकण सोडून माज्याकडं! वाटंत गाठ न्हाई पडली का?" म्हणत ती खळखळून हसली. "मला बी तिकडंच न्यायचं म्हनतोय. शेत कोन बघनार?"

कुलदीपनं तांबूस माती मुठीत दाबली. गोळा झाला. बोटं सैल केली, भुगा झाला. करवंदीच्या जाळ्या, मागं जळणाचं रान, मोबाइलला रेंज नाही. त्याला बरं वाटलं.

"यायची वाट एवढीच का?"

"एवढीच."

"मग हितं एक फाटक टाकलं की झालं."

फाटक म्हटल्यावर सोजराबाईंनी मान वर केली.

शेताच्या वरच्या कोपऱ्यात झरा होता. भर उन्हाळ्यात बोटाएवढी धार, पण न तुटणारी. ती दगडी कुंडात पडायची आणि तिथून पाटानं खाली वाडीला जायची.

"आमची एक रीत हाय," गोजाबाई म्हणाली. "झऱ्याचं शेत घ्यायचं तर घरातल्या थोरल्या मान्सानं कुंडात हात बुडवून सांगायचं, पानी अडवनार न्हाई. खाली समदी वाडी ह्याच्यावर पिती."

"हात्तिच्या! एवढंच व्हय? आई, घाल की हात."

सोजराबाईंचा हात कळशीच्या गळ्यावर होता. तो तिथंच राहिला.

आता गोष्ट इथं मोडावी लागते. जोडून सांगितली असती तर बरं झालं असतं, पण ती मोडलेलीच आहे.

*

लॉकडाऊनचा उन्हाळा. चाकणच्या खोल्यांचं फाटक, बाहेर भाडेकरू दीक्षा, आत कुलदीप.

"मालक, कळशीभर द्या. पोराच्या अंगात ताप हाय."

"बोअर आटत आलंय, दीक्षा. टँकर यील."

"टाकी तर भरल्याली दिसती."

"आमाला बी घर हाय ना? उद्या काय व्हईल कुनी बघितलंय?"

"कळशीच हाय, मालक. ड्रम न्हाई."

"सांगितलं ना, टँकर यील."

"चल गं," मागून तिचा नवरा भीमराज म्हणाला. "पान्याला न्हाई म्हनायची लई जुनी सवय हाय ह्यांची."

*

आपण जात बघितली नव्हती, असं कुलदीपनं रात्रीपर्यंत स्वतःला समजावलं. कुणालाही नाहीच म्हटलं असतं. मग आठवलं, सकाळीच चुलतभाऊ जयसिंग दोन हंडे भरून घेऊन गेला होता. हसत. नवरा-बायको पोराला खांद्यावर टाकून त्याच दिवशी निघून गेली. कळशी फाटकापाशी राहिली. गळ्याशी ठोकलेलं नाव: चि. दीक्षा हिस, मामाकडून.

टाकी त्या उन्हाळ्यात एकदाही तळाला गेली नाही.

*

"गोजाबाई," सोजराबाई म्हणाल्या, "ल्योक माजा वाईट न्हाई. पन भ्याला की त्याला मानूस दिसत न्हाई, आधी फाटक दिसतं. मी हात घालनार न्हाई."

कुलदीपच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. "मग मीच घालतो!"

त्यानं कुंडात हात बुडवला. पाणी मनगटाला गार लागलं. गोजाबाई वाट बघत होती. पाटात पानं वाहत होती. तीन शब्द म्हणायचे होते, आणि ते त्याच्या तोंडातून निघेनात. त्यानं हात काढला, पँटीला पुसला.

"दुसरी जागा बघू," तो म्हणाला.

सोजराबाईंनी कळशी धारेखाली धरली आणि गोजाबाईकडं पाहिलं.

"न्या की! पान्याला कुनी न्हाई म्हनतं व्हय?" गोजाबाई म्हणाली.

गाडीत बसल्यावर सोजराबाई एवढंच बोलल्या, "आकुर्डीला घे."

कोण राहतं तिथं, पत्ता कुठून मिळवला, हे त्यानं विचारलं नाही. भीमराज त्याला एकदा आकुर्डीच्या सिग्नलला दिसला होता. कुलदीपनं काच वर घेतली होती.

दाराशी पोचेपर्यंत कळशी अर्धीच उरली होती. दीक्षानं दोघांना ओळखलं. ती नावावरून अंगठा फिरवत राहिली.

"आमी तवाच दुसरी घेतली," ती म्हणाली, तरी कळशी आत नेली. आत एक मुलगा पालथा पडून चित्र रंगवत होता. तापातलं ते पोर आहे, धड आहे, एवढं कुलदीपनं पाहिलं.

"त्या दिवशी मी..."

दीक्षा तांब्या घेऊन बाहेर आली. "उन्हातनं आलाय. पानी घ्या."

त्यानं दोन घोट घेतले आणि तांब्या खाली केला.

"पोटभर प्या, मालक," ती म्हणाली. "राखून ठिवू नका."

तांब्या मोठा होता. तहान नव्हती. कुलदीप उंबऱ्याबाहेर उभा राहून तळापर्यंत प्याला.