उरलेल्या अक्षरांतलं आमंत्रण

ते साल दोन हजार दहा. सोलो शहरात, पासार गेडे बाजाराच्या मागच्या गल्लीत, वार्सिनीच्या दुकानाची चूल तेव्हा आठवड्यातून तीनच दिवस पेटत होती. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. माडाचा गूळ आल्याच्या रसात उकळायचा, पाक जमला की त्यात भाजलेले शेंगदाणे घालायचे आणि चमच्याचमच्याने केळीच्या पानावर गोल टिकल्या टाकायच्या. हीच फुलपाखरू छाप अम्प्यांग. आधी ती वार्सिनीची सासू करायची, मग नवरा. नवरा गेल्यावर वार्सिनी आणि तिची थोरली नणंद कासिराह दोघी करत होत्या. एके काळी पाकाचा वास गल्लीच्या तोंडाशी पोचला की शाळेतली पोरं वाट वाकडी करून यायची. आता ती पोरं मोठी होऊन कुठे कुठे गेली होती, आणि त्यांच्या मुलांना चॉकलेट आवडत होतं.

वार्सिनीचा मुलगा हांदारू जाकार्ताला नोकरीला होता. त्याने आईला फोनवर सरळच सांगितलं, "इबू, लेबारानच्या ईदपर्यंत बघू. तोवर चूल रोज पेटायला लागली तर ठीक. नाहीतर दुकानाला कुलूप, आणि तू माझ्याकडे."

जाकार्ताला ती आठ दिवस राहून आली होती. अकराव्या मजल्यावर खिडकी उघडत नव्हती, आणि दारात उभं राहून "कुठे निघालात?" विचारावं तर समोरून कुणी जातच नव्हतं. सून चांगली होती, पण वार्सिनीला चहासुद्धा करू देत नव्हती. परत आल्यावर तिने नणंदेला एवढंच सांगितलं, "ताई, तिथे मी पाहुणी असते."

जुना फोन तिच्या हातात देताना हांदारू म्हणाला होता, "आता सगळे ट्विटरवर असतात. दुकानाच्या नावाने तूही लिही. थोडंसंच लिहायचं असतं, एकशेचाळीस अक्षरं."

थोडंसं लिहिणारा माणूस शेजारीच होता. वागियो, सगळ्या गल्लीचे पाकदे, म्हणजे मोठे काका. तीस वर्षं तारखात्यात नोकरी, आता निवृत्त, बायको नाही, सकाळची कॉफी वार्सिनीच्या बाकावर. एकशेचाळीसचा आकडा ऐकून ते हसले.

"एवढी? चैन आहे की! आमच्याकडे शब्दाला पैसे पडायचे. लोक बाळ झाल्याचं तीन शब्दांत कळवायचे."

पहिला मजकूर त्यांनीच बसवला. 'अम्प्यांग ताजी. दुकान उघडे. त्वरित यावे.'

कासिराहने पाक ढवळता ढवळता तो ऐकला. "कोण गेलं?"

"कोण म्हणजे?"

"अहो, तुमच्या तारा कधी यायच्या? कुणी मेल्यावरच ना? हे वाचून लोक पांढरी फुलं घेऊन येतील."

महिनाभर तशाच तारा गेल्या. भाव, वेळ, पत्ता. वाचणारे झाले अकरा, त्यांतला एक हांदारू आणि दोघं त्याचेच मित्र. वागियो तिला आदराने बु म्हणत; ते म्हणाले, "बु, यंत्र बिघडलंय."

यंत्र ठीक होतं. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून वार्सिनी दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचत बसली. जाकार्ताच्या कुणा मुलीने लिहिलं होतं की खोकल्याने चार रात्री झोप नाही. वार्सिनीला राहवलं नाही.

"पाकदे, हिला लिहा. आलं भाजून ठेचायचं, गरम पाण्यात गुळाबरोबर घ्यायचं. आणि रात्री केस धुऊ नकोस म्हणावं."

"ही कोण आपली?"

"खोकतेय ना?"

वागियोंनी लिहिलं आणि नेहमीसारखी बोटांवर अक्षरं मोजली. "अडतीस उरली. वाया चालली."

"मग लिहा, या कधी घरी जेवायला."

तसं लिहिलं. त्या गल्लीत हे वाक्य दिवसातून पन्नासदा बोललं जायचं. दारावरून जाणाऱ्याला "या, जेवून जा" म्हणायचं, त्याने न थांबता "हो हो, येईन" म्हणायचं, आणि दोघांनी आपापल्या कामाला लागायचं. चाळीस वर्षांत त्या बोलावण्यावरून कुणी आत आलं नव्हतं. आलं असतं तर घरात भांडण झालं असतं.

मुलीचं उत्तर आलं. खोकला थांबला होता. मग वार्सिनीने रोज पाच-सहा जणांना उत्तरं द्यायला सुरुवात केली. कुणाची परीक्षा होती, कुणाचा भात करपत होता, कुणी नवऱ्यावर रुसली होती. अम्प्यांगचं नाव आठवड्यातून एकदाच यायचं, तेही चूल पेटवताना. आणि अक्षरं उरली की, या कधी जेवायला. तीन महिन्यांत वाचणारे दोन हजारांवर गेले. दहावीस पुडे टपालानेही जाऊ लागले, पण चूल अजून चारच दिवस पेटत होती. ईद जवळ येत होती.

रमजानच्या आदल्या आठवड्यात वागियो सकाळी आले ते चपला न काढताच.

"बु, कुणी बोनार सिहोम्बिंग म्हणून आहे. लिहितोय, आमंत्रण मिळालं. रविवारी रेल्वेने पोचतो. तुमचं वाचणारे सत्तावीस जण आहोत."

"कुठलं आमंत्रण?"

"आपलं. अक्षरं उरायची ते."

कासिराहने ढवळणं थांबवलं. "सिहोम्बिंग म्हणजे मेदानकडचा बाताक माणूस. त्यांच्यात 'ये' म्हटलं की येतात. त्याचा काय दोष? कर आता स्वयंपाक, वार्सी. घाल तो फोन भातात."

वागियोंनी तोड काढली. "मी लिहितो, येण्याची मेहेरबानी कराल तर आनंद होईल, पण रस्त्यावर ऊन फार आहे. समजेल त्याला."

"आपल्याला समजलं असतं," वार्सिनी म्हणाली. "तो तांब्याभर पाणी बरोबर घेऊन येईल."

तिला काळजी होती ती वेगळ्याच गोष्टीची. त्याच रविवारी हांदारू येणार होता. रमजानच्या आधी बापाच्या कबरीवर फुलं वाहायची आणि दुकानाचं काय ते ठरवायचं, असा त्याचा बेत होता. सत्तावीस परकी माणसं दारात उपाशी उभी राहिली, तर त्याला ठरवायला कष्ट पडणार नव्हते.

"शब्द मी दिलाय," ती शेवटी म्हणाली. "पाकदे, लिहा. या."

"फक्त 'या'?"

"फक्त."

वागियोंच्या उभ्या आयुष्यातली ती सगळ्यात आखूड तार.

रविवारी सत्तावीसच्या जागी एकतीस माणसं आली. गल्लीत चटया टाकल्या. नारळाच्या दुधातला भात, दुधीची भाजी, थोडी कोंबडी. खोकल्याची मुलगी आली होती, तिने वार्सिनीच्या पाया पडून तोंडभर हसून नाव सांगितलं, लिंतांग. बोनार सिहोम्बिंग दाराएवढा धिप्पाड, आवाज त्याहून मोठा. त्याने ताट चाटूनपुसून साफ केलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "बु, अजून भात आहे का?"

सोलोत पाहुणा असं विचारत नाही. तो पोटाला हात लावून "झालं, झालं" म्हणतो. आणि आत पातेल्यात खरवड तेवढी उरली होती.

"आहे तर!" वार्सिनी म्हणाली आणि मागच्या दाराने बाहेर पडली. चाळीस वर्षं ज्यांना ती दारातून "या, जेवून जा" म्हणत आली होती, त्यांच्या दारांत जाऊन तिने ताट पुढे केलं. कुणी काही विचारलं नाही. एकीने भात दिला, एकीने टोफू, तिसरीने ईदसाठी राखलेली मिरचीची चटणी. ती परत आली तेव्हा हांदारू कबरस्तानातून येऊन दारात उभा होता.

"इबू, ही कोण माणसं?"

"हा बोनार, ह्याच्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन झालं. ही लिंतांग, हिचा खोकला. तो चष्मेवाला दोनदा नापास झाला, तिसऱ्यांदा सुटला. ती कोपऱ्यातली नवऱ्याशी बोलत नव्हती, आता बोलते. शेजारी बसलाय तोच. बाजूला हो, भात गार होतोय."

हांदारूने तिच्या हातातलं ताट घेतलं आणि तो वाढायला लागला.

जेवणं झाल्यावर कासिराहने मुद्दामच चूल पेटवली. पाहुणे कढईभोवती उभे राहिले, एकेकाने झारा फिरवून पाहिला, बोनारने बोट भाजून घेतलं. सगळ्यांनी फोनवर फोटो टाकले. निघताना दुकानातला शेवटचा पुडाही शिल्लक राहिला नाही, पण खरी गर्दी नंतरच्या आठवड्यात झाली, टपालाने. ईदचे पुडे जाकार्ता, मेदान, बालिकपापान. वागियो सुवाच्य अक्षरांत पत्ते घालत बसले. उपवासात पाक चाखता येत नाही, म्हणून कासिराह पाण्यात थेंब सोडून गोळी जमते का बघायची. ईदपर्यंतचे चोवीस दिवस चूल सलग पेटली. ईदला हांदारू आला, नमाज झाल्यावर तिथल्या रीतीप्रमाणे आईची माफी मागायला वाकला, आणि जाकार्ताचा विषय त्याने काढलाच नाही.

त्यानंतर वार्सिनीने लिहिण्यात एक बदल केला. 'या कधी जेवायला'च्या पुढे 'दोन दिवस आधी कळवा' हे शब्द आले. वागियोंना ते सुरुवातीला असभ्य वाटलं. मग ते म्हणाले, "अक्षरं भरतात, चालेल."

बोनारने पुढे लिंतांगशी लग्न केलं. दोघं मेदानला असतात, आणि तो अजूनही भात मागून घेतो. हांदारू कार्यालयातल्या लोकांसाठी दरवर्षी पुडे मागवतो आणि पूर्ण किंमत देतो. त्याच्या बायकोने सोलोला येऊन पाक शिकायचा प्रयत्न केला, जमला नाही, पण आता ती वार्सिनीला चहा करू देते. वागियो दोन हजार चौदा साली, कॉफी पिऊन घरी गेल्यावर गेले. दुकानाच्या नावाने त्या दिवशी कासिराहने सांगितलेलं लिहिलं गेलं, 'पाकदे वागियो गेले. चूल आज बंद.' तिनेच बोटांवर अक्षरं मोजली आणि उरलेली तशीच ठेवली. कासिराह त्यानंतर सहा वर्षं जगली, शेवटपर्यंत पाकावरून भांडत.

वार्सिनीने लिहिणं केव्हाच सोडलं, तिला आता बारीक अक्षरं दिसत नाहीत. दुकान तिची भाची चालवते. वार्सिनी सकाळी दारात बसते आणि जाणाऱ्यायेणाऱ्याला "या, जेवून जा" म्हणते. कुणी एखादा नवखा खरंच थांबतो. मग ती आत हाक मारते, तांदूळ मूठभर जास्त टाका म्हणून.