न फुटलेली काच

प्रयोगशाळेत पाऊल ठेवलं की तिच्या कानात खळ्ळकन काच फुटायची. ती दचकून खाली बघायची, आणि फरशी आपली स्वच्छ.

हा आवाज ती सात वर्षांची असल्यापासून मानगुटीवर बसला होता. आई दुसऱ्यांकडे भांडी घासायची. एक दिवस मालकीणबाईंचा काचेचा मोठा वाडगा आईच्या हातून निसटला. बाई रागावल्या नाहीत हो, छे! दोन महिने पगार तेवढा दिला नाही. त्या दोन महिन्यांत घरात काय शिजलं ते न विचारलेलंच बरं.

आणि नशिबाची थट्टा बघा, पोर हुशार निघाली ती नेमकी रसायनशास्त्रात. कॉलेजात पहिल्याच दिवशी तिने भिंतीवरची पाटी वाचली: ‘फोडेल तो भरेल.’ प्रयोगांना जोडीदारीण मिळाली औषध दुकानदाराची लेक. तिने महिन्याभरात तीन फ्लास्क फोडले, तेही हसत हसत. "मामा, लिहा माझ्या नावावर," असं शिपाईमामांना सांगायची आणि चौथा मागायची.

"तू कर, मी लिहून घेते," आपली पोर म्हणायची. अशी तीन वर्षं गेली. एकीचा हात तयार झाला आणि दुसरीची वही. तशी देखणी वही अख्ख्या वर्गात नव्हती. शेवटच्या परीक्षेला जोडीदारीण नसते हे तिला ठाऊक नव्हतं थोडंच? पण ठाऊक असलेल्या गोष्टीकडेही माणूस तीन वर्षं डोळेझाक करू शकतो.

परीक्षेला आली ब्युरेट, म्हणजे उभी काचेची नळी आणि खाली तोटी. थेंब थेंब सोडायचा, खालच्या फ्लास्कमध्ये जेमतेम गुलाबी रंग आला की थांबायचं. झोपेतून उठवलं तरी तिने हे घडाघडा सांगितलं असतं. इथे नापास म्हणजे पदवी गेली, पुढच्या शिक्षणाचं तर नावच नको.

तिने तोटीला बोट लावलं. कानात खळ्ळ! बोट मागे आलं. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. शेवटी डोळे गच्च मिटून तिने तोटी फिरवली, आणि डोळे उघडेपर्यंत फ्लास्क गडद गुलाबी होऊन बसला होता. दुसऱ्या खेपेलाही तसंच झालं, तिसऱ्या खेपेलाही. तिला रडू फुटायचं बाकी होतं.

बाहेरून आलेले परीक्षक तिची वही चाळत होते. "इतकी अचूक मोजमापं! ही तुझीच?"

"अक्षर माझं आहे, सर."

शिपाईमामांना राहवलं नाही. तिच्यावर त्यांचा जीव होता. "सर, पोर लाखात एक आहे. तीन वर्षांत हिच्या हातून एक वस्तू फुटली नाही. हवं तर रजिस्टर बघा."

आपण कुणाविरुद्ध साक्ष दिली, ते मामांना कळलं नाही. परीक्षकांना कळलं. त्यांनी वही मिटली.

"एखादा फ्लास्क तरी फोडायचा होतास गं," ते हळूच म्हणाले, आणि तिच्या नावापुढे गुण लिहिले. उलट्या बाजूनेही तिला तो नापासाचा आकडा वाचता आला.

मग तिने सगळं सामान धुतलं, पुसलं आणि मामांच्या हवाली केलं. मामांनी एकेक वस्तू उजेडात धरून पाहिली. सगळं शाबूत होतं.