अस्वलमामाचं मत

“चार! चार! चार!” मोबाइलमधून अस्वलमामा गरजला आणि बाहेरच्या खोलीत लेक आणि तिचे कॉलेजचे दोघे मित्र कंबर हलवायला लागले. आवाजवाला भांडी विसळत होता. तो तसाच ओल्या हातांनी बाहेर आला आणि त्याने गाणं बंद करून मोबाइल उपडा ठेवला.

“बाबा! शेवटचीच स्टेप राहिली होती.”

“उद्या आयुष्यातलं पहिलं मत द्यायचंय आणि इथे नाच चाललाय.”

“मतासाठीच तर नाचतोय, काका,” कुरळ्या केसांचा मित्र म्हणाला. “आवाज तुमचाच आहे की! आमचा अख्खा वर्ग चार नंबरला देणार.”

आवाज त्याचाच होता, तीच तर गोम होती. ही पोरं बोबडं बोलायची तेव्हापासून कार्टूनमधल्या अस्वलमामाला तोच आवाज देत होता, म्हणून तर सगळी वस्ती त्याला आवाजवाला म्हणायची. महिन्यापूर्वी ‘मतदानाला जा’ एवढंच सांगणारी एक जाहिरात त्याने अस्वलमामाच्या आवाजात केली. आधी माइक तपासायला एक ते दहा आकडे म्हटले, तेही अस्वलाच्याच आवाजात, कारण ज्या आवाजात बोलायचं त्याच आवाजात माइकची पातळी जुळवावी लागते. काम झालं की तो तुकडा पुसून टाकतात. या वेळी तो राहिला आणि फिरत फिरत चार नंबरच्या उमेदवाराच्या माणसांना सापडला. त्यांनी त्यातला ‘चार’ उचलला, मागे ढोल वाजवला, झालं गाणं तयार. त्याने स्टुडिओच्या मालकाला फोन करून जाब विचारला, तर तो म्हणाला, “आवाज अस्वलाचा, अस्वल कंपनीचं. तुमचं काय त्यात?” हसावं की रडावं तेच कळेना.

आणि या चार नंबरने भर सभेत सांगितलं होतं, निवडून आलो की सरकारी दवाखान्यातला बाळंतपणाचा वॉर्ड बंद, तिथे दुकानं काढू. लेक त्याच वॉर्डात जन्मली होती आणि तिची आई आजही तिथे नर्स होती. महिनाभर जेवताना तो हेच सांगत होता. पालथ्या घड्यावर पाणी.

आताही त्याने पुन्हा सगळं समजावलं. कुरळ्याने जांभई गिळली. दुसरा मित्र उपड्या मोबाइलकडे बघत होता.

“काका, हेच अस्वलमामासारखं सांगा ना!”

“मी माणसासारखा सांगतोय ते ऐकू येत नाही का रे?”

त्याचा आवाज एवढा चढला की पोरं दचकली.

“चिडू नकोस ना,” लेक म्हणाली. “पण तू सांगतोस ते बातम्यांसारखं वाटतं.”

दारात चपला वाजल्या. बायको ड्युटीवरून आली होती. पिशवी खाली ठेवून ती स्टुलावर टेकली आणि तळपाय चोळू लागली. तिने सगळं ऐकलं असावं.

“अहो, सांगा की अस्वलाच्या आवाजात.”

तो बघतच राहिला. घरात अस्वल नको, मला माणूस हवा, हा अस्वलमामाचं काम मिळालं त्या दिवसापासूनचा तिचा नियम होता. लेक लहान असताना हट्ट करायची, तरी तो तिने मोडू दिला नव्हता.

“तू म्हणतेस हे?”

“आज एक बाई विचारत होती, पुढच्या खेपेला मी कुठे जाऊ? मला वॉर्ड हवाय. तुमचा मान नंतर बघू.”

आतल्या खोलीत जाऊन त्याने कपड्यांचं कपाट उघडलं. आवाज घुमू नये म्हणून घरी रेकॉर्डिंग करताना तो लटकवलेल्या कपड्यांतच तोंड घालत असे. मित्रांसह मागोमाग आलेल्या लेकीने मोबाइल पुढे धरला. सवयीने तो “एक, दोन” म्हणाला आणि दात आवळून थांबला.

मग अस्वलमामा बोलू लागला. चार नंबर नको रे बाळांनो, का नको, तिथे काय बंद होणार, सगळं. मित्र टाळ्या पिटत होते. जे महिनाभर त्याने घसा कोरडा करून सांगितलं तेच हे. त्याला कपाटावर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

लेकीने कानात इअरफोन घालून सगळं ऐकलं. तिचा चेहरा उजळला.

“एकदम मस्त! आत्ता टाकते सगळीकडे. फक्त ‘माझी बायको तिथे रात्र रात्र उभी असते’ म्हणालास ना, तिथे मध्येच तुझा आवाज आलाय.”

दाराबाहेर स्टुलावर तळपाय चोळणारा बायकोचा हात थांबला.

“तेवढं कापू?”

आवाजवाला कपाटातल्या कपड्यांच्या घड्या नीट करत राहिला.

“काप,” तो म्हणाला.