म्हणीतला आंधळा

झुंबरबाईच्या तोंडात म्हणी अशा बसलेल्या, की ताटात भाकरी वाढतानाही एखादी निसटायची. कागलच्या त्यांच्या गल्लीत भांडण लागलं की लोक तिलाच बोलवायचे. तिनं एक म्हण टाकली, की निम्मा वाद तिथंच विझायचा.

चौऱ्याहत्तर साली ती कृष्णातला, आपल्या थोरल्याला, घेऊन कबनूरला मुलगी बघायला गेली. मुलीचे वडील गणपतराव यंत्रमागावर कामाला. मुलीनं, आक्काताईनं, पोहे आणले. मुलगी झुंबरबाईच्या मनात भरली, आणि खुशीच्या भरात आपल्या नशिबावर ती एक म्हण बोलून गेली.

म्हणीत आंधळा होता, देवाकडं एक डोळा मागणारा. आणि समोर बसलेल्या गणपतरावांचा एक डोळा मागावरून उडालेल्या धोट्यानं, आडवं सूत नेणाऱ्या टोकदार लाकडानं, गेलेला.

झुंबरबाईच्या ते बोलल्यावर ध्यानात आलं. चहा तसाच ठेवून ती उठली.

एसटीत कृष्णात एवढंच म्हणाला, "आई, काय बोलून बसलीस गं?"

कबनूरचा निरोप येईना. दारात सायकल वाजली तरी ती उठून बाहेर बघायची. पोराचं जमलेलं आपल्याच तोंडानं मोडलं, ह्या घोरानं तिला घास गिळवेना. शेवटी ती एकटीच एसटीनं कबनूरला गेली.

"दादा, माझं चुकलं," ती उंबऱ्यातच म्हणाली. "मी तुमच्यावर बोलले न्हाय."

"ते ठावं हाय की मला," गणपतराव म्हणाले. "म्हण कुणाच्या मापानं शिवत्यात व्हय? पर तुम्ही चहा न घेता उठला, तवा आमाला वाटलं, एकडोळ्याची पोरगी नको झाली. ही माझी माणसं तवापास्नं धड जेवली न्हाईत."

झुंबरबाई उंबऱ्यावरच बसली. आपल्याला खाणारी काळजी ह्याही घराला खात होती तर.

आतून आक्काताई आली. "बाबांनी सोडून दिलं, आत्या," ती म्हणाली. नजर सरळ होती. "मला ते जमंना. लग्नाला माझी ना न्हाय. पर बाबा तुमच्या दारी येतील, तवा माणूस बघून बोला."

"आक्के!" गणपतराव ओरडले.

"ओरडू नगासा तिला," झुंबरबाई म्हणाली. एखादी म्हण ओठावर आली होती, ती तिनं आतच ठेवली. "बघून बोलीन, पोरी."

आक्काताईनं मान हलवली आणि चहाचं आधण ठेवायला ती आत गेली.